पाठीवर बिऱ्हाड, पुढे चार हजार किलोमीटर

२०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. पुण्यात पाऊस असा लागला होता की सायकल बाहेर काढायची सोय नव्हती. तरी आमच्या ग्रुपमधली निम्मी मंडळी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागायची आणि दिवसा ऑफिसात डुलक्या काढायची. कारण काय, तर युरोपच्या नकाशावरची रंगीत टिंबं. एकेक टिंब म्हणजे एकेक सायकलस्वार. प्रत्येकाकडे जीपीएस ट्रॅकर, त्यामुळे कोण कुठे आहे ते जगात कुठूनही दिसतं. बायको एकदा मागे उभी राहून बघत होती. म्हणाली, "हलतंय तरी का ते?" हलत होतं. दहा मिनिटांत तांदळाच्या दाण्याएवढं.

शर्यतीचं नाव ट्रान्सकाँटिनेंटल. त्या वर्षी २७ जुलैला पहाटे काळ्या समुद्राकाठच्या बल्गेरियातल्या बर्गास गावातून अडीचशेहून जास्त लोक निघाले होते आणि जायचं होतं फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रेस्टला. अंतर साधारण ४,००० किलोमीटर, मध्ये बाल्कनचे डोंगर, डोलोमाइट्स आणि आल्प्स.

सायकल शर्यत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर 'टूर द फ्रान्स' येते. रस्ते बंद, मागे गाड्यांचा ताफा, रात्री हॉटेलात मालिश. आणि मराठी माणसाला लांब पल्ल्याची आणखी एक शर्यत माहीत असते, ती म्हणजे 'राम', रेस अक्रॉस अमेरिका. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती दोघांच्या गटात पूर्ण केली, २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने. तेव्हापासून आपल्याकडे 'राम' घराघरात नाही तरी ग्रुपाग्रुपात पोचली. पण 'राम'मध्ये सायकलस्वाराच्या मागे गाडी असते. गाडीत जेवण देणारा, रस्ता सांगणारा, पंक्चर काढणारा, झोप आली की गप्पा मारून जागं ठेवणारा, असा सगळा क्रू. सायकलवाल्याने पायडल मारायचं, बाकीचं डोकं मागच्या गाडीत. यात कमीपणा काही नाही, तो खेळच तसा आहे. पण ट्रान्सकाँटिनेंटल हा वेगळा खेळ आहे.

इथे मागे गाडी नाही. विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर, म्हणजे सायकलवर. लागेल ते सोबत न्यायचं, नाहीतर वाटेत विकत घ्यायचं. नियमांची भाषा लांबलचक असली तरी कसोटी सोपी आहे: जे कुठल्याही स्पर्धकाला पैसे देऊन मिळू शकतं तेच तुम्ही घ्यायचं. हॉटेलात झोपलात, चालेल. मिलानला मावसभाऊ राहतो म्हणून त्याच्याकडे झोपलात, चालणार नाही. दुकानातून टायर घेतला, ठीक. मित्राने पुढच्या गावी आणून ठेवला, बाद. बरोबरच्या स्पर्धकाकडून ट्यूबसुद्धा मागायची नाही. जोडीने नाव दिलेले असतात, ते तेवढे एकमेकांना मदत करू शकतात.

आणि दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवायची नाही. हे ड्राफ्टिंग का नको, ते समजायला थोडं हवेचं गणित लागतं. सपाट रस्त्यावर वेग पंचविशीच्या पुढे गेला की पायातला बहुतेक जोर हवा कापण्यात जातो. हवेपुरतं बोलायचं तर वेग सव्वापट केला की लागणारी शक्ती जवळजवळ दुप्पट होते. पुढच्याच्या पाठीशी राहिलं की हवा तो कापतो आणि मागच्याचे कष्ट बरेच वाचतात. टूर द फ्रान्समधलं निम्मं राजकारण याच वाचवलेल्या जोरावर चालतं. इथे ते नाही. ज्याची हवा त्याने कापायची.

रस्ता मात्र तुमचा तुम्ही निवडायचा, आणि हे कळल्यावर मला पहिल्यांदा या शर्यतीची खरी गोडी लागली. आयोजक साधारण चार ठिकाणं देतात, त्यांना कंट्रोल म्हणतात. तिथे जाऊन कार्डावर शिक्का घ्यायचा आणि त्या भागातला एक ठरावीक घाट किंवा कच्चा रस्ता चढायचाच. २०१५ मध्ये असा एक कंट्रोल फ्रान्समधल्या मॉन व्हाँतूवर होता. २०१९ चा पहिला कंट्रोल बल्गेरियातल्या बुझलुझा डोंगरावर होता. तिथे कम्युनिस्ट काळातली एक ओसाड इमारत आहे, काँक्रीटची उडती तबकडी येऊन बसल्यासारखी. एका कंट्रोलपासून दुसऱ्यापर्यंत कसं जायचं हा तुमचा प्रश्न. हायवेवर सायकलला बंदी, शिवाय धोक्याचे म्हणून काही रस्ते आयोजकच बाद करतात. बाकी मोकळं रान. डोंगरावरून जाणारा जवळचा रस्ता घ्यायचा की वळसा घालून नदीकाठचा सपाट? अनोळखी कच्च्या रस्त्यावर तीस किलोमीटर वाचवायचे की डांबर सोडायचं नाही? लोक हिवाळाभर उपग्रहाची छायाचित्रं बघत बसतात. एकाच शर्यतीत दोन टिंबं एकमेकांपासून दीडशे किलोमीटर लांबून जातात आणि पुढच्या कंट्रोलवर पंधरा मिनिटांच्या फरकाने उगवतात. नकाशासमोर बसलेल्या माणसाची झोप उडते ती यामुळे.

आता मुख्य मुद्दा. या शर्यतीत घड्याळ कधीच थांबत नाही. टूर द फ्रान्समध्ये संध्याकाळी टप्पा संपतो, सगळे झोपतात, सकाळी पुन्हा निघतात. इथे तुम्ही झोपलात तरी वेळ चालू, चहा पीत बसलात तरी चालू. त्यामुळे सगळं गणित उलटं होतं. नवख्याला वाटतं, जोरात चालवणारा जिंकेल. जरा हिशोब करू. एक जण चालताना ताशी २६ ने जातो आणि झोप, जेवण, बाकी सगळं धरून दिवसाला दहा तास थांबतो. चौदा तास गुणिले २६, म्हणजे ३६४ किलोमीटर. दुसरा रमतगमत २२ ने जातो, पण थांबतो साडेसहाच तास. साडेसतरा तास गुणिले २२, म्हणजे ३८५. रोज एकवीस किलोमीटरची आघाडी, आणि तीही पाय न दमवता. दहा दिवसांत दोनशे दहा.

हे कागदावर सगळ्यांना पटतं. अंगवळणी पडायला जाम कठीण. मी बीआरएम करतो. आपल्याकडच्या ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीआरएम म्हणजे शर्यत नव्हे, ठरलेल्या वेळेत ठरलेलं अंतर, तेही आपल्या आपण. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस, ६०० ला चाळीस. पहिली चारशे मी २६ तास १० मिनिटांत कशीबशी पूर्ण केली आणि दोन दिवस पाय कमी पडले म्हणून हळहळत होतो. मग जीपीएसची फाइल उघडली. प्रत्यक्ष चाललेला वेळ १८ तास ४० मिनिटं. म्हणजे साडेसात तास मी उभा होतो! कुठे गेले? मिसळीला पन्नास मिनिटं, कारण तिसरा पाव मागवला. पंक्चरला चाळीस, कारण पंप बॅगेच्या तळाशी आणि त्याच्यावर रेनकोट, जर्किन, चिक्की. रात्री धाब्याच्या बाजेवर 'वीस मिनिटं पडतो' म्हणून दीड तास. ही मोठी थांबणी निदान आठवत तरी होती. खरी चोरी बारीकसारीक होती. मोजे सारखे करायला चार मिनिटं, घरी फोन सहा मिनिटं, "चहा घ्यायचा का?" असं एकमेकांना विचारत उभं राहण्यात दहा. या वेळात पाय कमी पडले नव्हते. पाय रिकामे होते.

ट्रान्सकाँटिनेंटलमधले मुरलेले लोक पेट्रोल पंपावर कसे थांबतात ते पाहिलं की हा फरक डोळ्यात भरतो. सायकल काचेला टेकवली. आत जाताना हातात दोन रिकाम्या बाटल्या आणि चार्जर. चार्जर प्लगमध्ये, बाटल्या नळाखाली, दोन सँडविच, कोला, चिप्स, केळी, चॉकलेटचं पाकीट काउंटरवर. पैसे देता देता एक सँडविच तोंडात. तेवढ्यात संडासला जाऊन यायचं. उरलेलं जर्सीच्या मागच्या खिशांत आणि हँडलजवळच्या पिशवीत कोंबून सायकलवर टांग, बाकीचं जेवण चालत्या सायकलवर. सगळा कार्यक्रम सात-आठ मिनिटांचा. टेबल-खुर्चीवर बसलात की संपलं.

आणि दुकानं उघडी असतील हे तरी कुणी सांगितलं? आपल्याकडे रात्री अडीचला हायवेवर चहा मिळतो, याची किंमत मला जर्मनी-ऑस्ट्रियाबद्दल वाचेपर्यंत कळली नव्हती. तिथे रविवारी किराणा दुकानं सरसकट बंद. फ्रान्सच्या लहान गावांत दुपारीही शटर खाली. म्हणून आज वार कोणता हे लक्षात ठेवावं लागतं, आणि पाचव्या दिवशी ते आठवत नाही.

खायचं किती? दिवसाला सात-आठ हजार कॅलरी सहज, कुणाकुणाला त्याहूनही जास्त. सर्वसाधारण पुरुषाच्या रोजच्या गरजेच्या तिपटीहून अधिक. अडचण पैशाची नाही, पोटाची आहे. आतडी तासाला साधारण ६० ते ९० ग्रॅम साखर-पिष्टच शोषू शकतात, म्हणजे अडीचशे ते साडेतीनशे कॅलरी. स्नायू आणि यकृतातला साठा दोन हजारांच्या आसपास, तो जोरात चालवलं तर काही तासांत संपतो. उरतो चरबीचा साठा. तो भरपूर असतो, पण जळतो सावकाश. म्हणून हे लोक मुद्दाम मंद आचेवर चालवतात, गप्पा मारता येतील एवढ्याच जोराने. चढावर ईर्ष्येने कुणाला मागे टाकलं तर त्याचं बिल तीन तासांनी येतं.

झोपेचं प्रकरण सगळ्यात अवघड. पुढे असणारे रात्री तीन ते पाच तास झोपतात, काही त्याहून कमी. कुठे? हॉटेलात, बस थांब्याच्या बाकावर, बँकेच्या एटीएमच्या खोलीत (दार लागतं, वारा नाही, दिवा मात्र विझत नाही), चर्चच्या ओट्यावर, नाहीतर शेताच्या कडेला बिव्ही बॅगमध्ये. बिव्ही म्हणजे स्लीपिंग बॅगवर चढवायची जलरोधक खोळ, एका माणसाचा तंबूच म्हणा, काठ्यांशिवाय. हॉटेल महाग पडतं ते पैशाने नव्हे. खोली घ्या, सायकल आत न्या, अंघोळ करा, कपडे वाळत घाला, असं करत तास जातो. पण अंघोळ झाली की सीटच्या जागी होणाऱ्या जखमा आटोक्यात राहतात, आणि त्या चिघळल्या तर शर्यत तिथेच संपते. त्यामुळे दोन रात्री बाहेर, तिसऱ्या रात्री हॉटेल, असे ज्याचे त्याचे हिशोब असतात.

पहाटे तीन ते पाच ही वेळ शरीराच्या घड्याळातली ओहोटी. तेव्हा शरीराचं तापमान उतरतं आणि मेंदू परवानगी न विचारता दोन-तीन सेकंद बंद पडतो. सायकलवर दोन सेकंद म्हणजे बारा-पंधरा मीटर. त्याच्या पुढची पायरी म्हणजे भास. झाडं माणसं होतात, मैलाचे दगड कुत्रे होतात. बाल्कनमध्ये ही विशेष गैरसोय, कारण तिथे खरे कुत्रेही मागे लागतात.

झोपेच्या गुंगीतला सगळ्यात गाजलेला घोळ अमेरिकेतला आहे. ट्रान्स ॲम बाइक रेस ओरेगनमधल्या अस्टोरियाहून व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला जाते, जवळपास ६,८०० किलोमीटर. २०१६ मध्ये स्टेफन श्ट्राइख पुढे होता आणि लेल विलकॉक्स त्याच्या मागावर. शेवटच्या रात्री तो थोडा वेळ झोपला, उठला, सायकलवर बसला आणि उलट्या दिशेने निघाला. अंधारात समोरून एक दिवा आला. ती लेल. त्याने सुचवलं, आता शेवटपर्यंत बरोबरच जाऊ. तिने नकार दिला. ही शर्यत आहे, असं म्हणून ती सुटली आणि १८ दिवस १० मिनिटांत जिंकली. आमच्या ग्रुपमध्ये यावर दोन तट आहेत. काहींना ती निष्ठुर वाटते. मला वाटतं, सहा हजार किलोमीटर एकट्याने हवा कापून आलेल्या माणसाला शेवटी वाटणी मागणं हेच चूक.

शरीर मोडतं ते अनपेक्षित ठिकाणी. मांड्या टिकतात. हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कारण तळहातातून जाणारी नस हँडलवर दिवसचे दिवस दाबली जाते. शर्यत संपल्यावर कित्येक आठवडे शर्टाची बटणं लावता येत नाहीत. म्हणून हँडलवर पुढे लांब दांडे बसवतात, कोपरं टेकवून हात मोकळे ठेवायला. हवा कमी लागते हा वरचा नफा. दुसरं म्हणजे मान. डोकं सतत वर धरून मानेचे स्नायू एके क्षणी राजीनामा देतात आणि हनुवटी छातीला टेकते. दुखतं म्हणून नव्हे, डोकं उचलायची ताकदच उरत नाही. १९८३ च्या 'राम'मध्ये मायकल शर्मर या स्पर्धकाला हे झालं, तेव्हापासून याला शर्मर नेक म्हणतात. पट्टे, ट्यूब बांधून डोकं वर धरत लोक पुढे जातात. मी तर थांबेन.

सायकलीबद्दल थोडक्यातच सांगतो, नाहीतर आमची जमात यावर रात्र काढेल. पॅनियर (चाकाच्या बाजूंना लटकवायच्या पिशव्या) आणि कॅरियर कुणी लावत नाही. सीटच्या मागे, फ्रेमच्या त्रिकोणात आणि हँडलवर बांधायच्या निमुळत्या पिशव्या असतात, हवेला अडतील अशा नव्हेत. पुढच्या चाकाच्या हबमध्ये डायनॅमो. पूर्वी टायरला घासून घरघरणारा असायचा, त्याचाच हा शहाणा नातू. साधारण तीन वॅट वीज देतो, त्यावर रात्री दिवा आणि दिवसा फोन, जीपीएसचं चार्जिंग. फक्त घाटात वेग आठ-दहावर आला की चार्जिंग जवळपास बंद, म्हणजे जिथे रस्ता सगळ्यात जास्त चुकतो तिथेच.

धोक्याचं बोलायलाच हवं. ही शर्यत सुरू केली माइक हॉल या इंग्रज सायकलस्वाराने. २०१२ मध्ये त्याने ९१ दिवस १८ तास सायकल चालवत जगाला फेरी मारली होती. २०१३ मध्ये तिसेक लोकांना घेऊन लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलावरून इस्तंबूलची पहिली ट्रान्सकाँटिनेंटल निघाली. बेल्जियमचा क्रिस्टॉफ अलेगेर जिंकला, पुढे आणखी दोनदा जिंकला. मार्च २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल ते सिडनी अशी इंडियन पॅसिफिक व्हील रेस चालू होती. अलेगेर पुढे, हॉल दुसरा. ३१ मार्चच्या पहाटे कॅनबेराजवळ एका मोटारीने हॉलला उडवलं. तो ३५ वर्षांचा होता. शर्यत तिथेच रद्द झाली. त्याच वर्षीच्या ट्रान्सकाँटिनेंटलमध्ये पहिल्याच रात्री बेल्जियममध्ये आणखी एक स्पर्धक वाहनाच्या धडकेत गेला. रस्ते बंद नसतात, ट्रक-मोटारी तुमच्यासाठी थांबलेल्या नसतात. नकाशावर टिंब बराच वेळ एका जागी राहिलं की बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा माणूस झोपलेला असतो.

तर, २०१९. ज्या टिंबामागे आम्ही जागत होतो ते फियोना कोल्बिंगरचं. जर्मन, वय २४, कर्करोगावर संशोधन करणारी. अशा प्रकारची ही तिची पहिलीच शर्यत. सुरुवातीला तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आम्ही पुरुषांच्या यादीत वर-खाली बघत होतो आणि एका सकाळी कुणीतरी ग्रुपवर टाकलं, "अरे, पहिली कोण आहे बघा." मग ती पुढेच राहिली. तिच्या टिंबात मला एकच गोष्ट दिसली: ते फार वेगात कधी नव्हतं, पण रात्री थांबायचं साधारण चारेक तास आणि दिवसा फारसं थांबायचंच नाही. ४,००० किलोमीटर दहा दिवसांत, म्हणजे रोज जवळजवळ चारशे. झोपेचे चार तास वजा केले तर उरलेल्या वीस तासांत ताशी वीसची सरासरी, घाट, जेवण, सिग्नल, सगळं धरून. ताशी वीस आपणही चालवतो. एक तास.

६ ऑगस्टच्या सकाळी ती ब्रेस्टला पोचली. १० दिवस, २ तास, ४८ मिनिटं. शर्यतीच्या इतिहासात पहिल्यांदा एक बाई एकूणात पहिली आली होती, आणि दुसरा यायला अजून काही तास होते. लोकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की स्त्रियांमध्ये वरचा नंबर येईल एवढीच अपेक्षा होती, सगळ्यांत पहिली येईन असं वाटलं नव्हतं. आणि मग हेही म्हणाली की अजून जोर लावता आला असता, झोप थोडी कमी करता आली असती.